‘ओजेटी’चे 120 तास कारखान्यांच्या खऱ्या प्रश्नांना द्यावेत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फेररचना झाली, तेव्हा पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ (ओजेटी) किंवा ‘फिल्ड प्रोजेक्ट’साठी 4 श्रेयांक राखून ठेवण्यात आले. एका श्रेयांकाला 30 तास या हिशेबाने ते 120 तास होतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी या काळात औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये जातो, सूक्ष्मजीवशास्त्राचा दूध संघाच्या प्रयोगशाळेत जातो. गणिताच्या विद्यार्थ्याने मात्र कोठे जायचे, याचे धड उत्तर बहुतेक महाविद्यालयांकडे नाही. मग कोणी खासगी शिकवणीत दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवतो, कोणी संगणक केंद्रात एक्सेल शिकून येतो आणि कोणी ओळखीच्या माणसाच्या लेटरहेडवर हजेरीचे प्रमाणपत्र आणून फाइलला लावतो. यात विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे करण्याजोगे काम ठेवलेले नसते आणि मुदत तर संपत आलेली असते.

मी एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या उत्पादन नियोजन विभागात, म्हणजे ज्याला सगळे ‘पीपीसी’ म्हणतात तेथे, नोकरी करून निवृत्त झालो आहे. त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की, गणिताच्या विद्यार्थ्यांनी चार-चारच्या गटाने आसपासच्या कारखान्यांतील खरे प्रश्न घ्यावेत, त्यांचे गणिती प्रतिमान (मॉडेल) तयार करावे आणि त्याचा लेखी अहवाल कारखान्याला द्यावा. या 120 तासांचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. त्यासाठी नवा कायदा, नवे अनुदान किंवा नवी इमारत लागत नाही. ‘फिल्ड प्रोजेक्ट’ हे शब्द नियमात आधीपासूनच आहेत.

‘खरा प्रश्न’ म्हणजे काय, हे स्पष्ट व्हावे म्हणून फॅब्रिकेशनच्या कोणत्याही शेडमध्ये दिसणारे एक उदाहरण थोडे सविस्तर मांडतो. लोखंडी अँगल बाजारात 6 मीटर लांबीचे मिळतात. समजा, एका ऑर्डरसाठी 2300 मिलिमीटरचे 200 आणि 1400 मिलिमीटरचे 100 तुकडे हवे आहेत. वर्गातल्या फळ्यावर हा प्रश्न दिला, तर हुशार विद्यार्थी अर्ध्या मिनिटात सांगेल की, 2300 चे दोन आणि 1400 चा एक मिळून बरोबर 6000 होतात, तेव्हा 100 अँगल पुरतील आणि भंगार शून्य. उत्तर बिनचूक आहे. शेडमध्ये मात्र ते पहिल्याच अँगलला कोलमडते, कारण कट-ऑफ मशीनची चकती 3 मिलिमीटर जाडीची असते आणि प्रत्येक कापाला तेवढे लोखंड भुसा होऊन खाली पडते. दोन काप झाले की 6 मिलिमीटर गेले. उरलेला तुकडा 1394 चा भरतो आणि 1400 च्या जागी तो चालत नाही. आता नव्याने हिशेब मांडला, तर एका अँगलमधून 2300 चे दोन, किंवा 2300 चा एक आणि 1400 चे दोन, किंवा 1400 चे चार एवढेच पर्याय उरतात आणि ते कसेही जुळवले तरी 125 अँगलच्या खाली येता येत नाही. सहा मिलिमीटरपायी शंभराचे सव्वाशे झाले.

येथे बहुतेक विद्यार्थी थांबतील आणि ‘125 हे किमान उत्तर’ असे लिहून त्याची सिद्धताही देतील. अनुभवी सुपरवायझर तेथे थांबत नाही. तो ड्रॉइंग मागवतो आणि 1400 च्या त्या तुकड्यावर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी कमी-जास्त सूट, किती आहे ते पाहतो. तो आडवा टेकू असेल आणि दोन्ही बाजूंनी 10 मिलिमीटरची सूट असेल, तर 1394 चा तुकडा बिनदिक्कत चालतो आणि 25 अँगल वाचतात. ते जोडणीचे माप असेल आणि सूट एकाच मिलिमीटरची असेल, तर सव्वाशेशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे प्रश्नाचे उत्तर ज्या माहितीवर अवलंबून आहे, ती माहिती प्रश्नात दिलेलीच नव्हती. कोणाला तरी उठून ती विचारावी लागली. गणिताच्या पदव्युत्तर शिक्षणात नेमकी हीच गोष्ट शिकवली जात नाही, कारण पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात लागणारी माहिती सगळी दिलेली असते आणि न लागणारी एकही दिलेली नसते.

यावर कोणी म्हणेल की, सुपरवायझरलाच हे जमत असेल, तर एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याची गरज काय? गरज आहे, आणि ती संख्येमुळे आहे. खऱ्या कटिंग लिस्टमध्ये दोन मापे नसतात, पंधरा-वीस असतात. अँगल कापण्याच्या संभाव्य पद्धती मग हजारोंच्या घरात जातात आणि तेथे अनुभवी नजरही चांगल्या उत्तरापासून किती दूर आहोत हे सांगू शकत नाही. आयबीएममधील गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 मध्ये यावर जी रीत मांडली, तिचे मर्म असे की, कापण्याच्या सगळ्या पद्धतींची यादी करत बसायचेच नाही. थोड्या पद्धतींपासून सुरुवात करायची आणि ज्या नव्या पद्धतीने उत्तर सुधारेल तेवढीच दर वेळी शोधून आत घ्यायची. आज हे कोणत्याही साध्या लॅपटॉपवर मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने होते. तरीही ते उत्तर शेडमध्ये नेल्यावर पुन्हा अडचण येते, कारण प्रत्येक नव्या पद्धतीला मशीनचा स्टॉपर हलवावा लागतो आणि माप पुन्हा तपासून घ्यावे लागते, त्यामुळे भंगार थोडे वाढले तरी चालेल पण पद्धती कमी ठेवा, असे फोरमन म्हणतो. त्याचे म्हणणे मूर्खपणाचे नसते. लोखंड वाचवायचे की वेळ, हे आधी ठरवायला हवे होते. आणि ते गणित ठरवत नाही, माणसे ठरवतात.

अशा प्रश्नांतून गणिताला कमीपणा येतो, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे, म्हणून लिओनिद कांतोरोविच यांचा उल्लेख करतो. 1938 मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतील लोक त्यांच्याकडे एक व्यावहारिक अडचण घेऊन आले होते: लाकडाचे वेगवेगळे प्रकार आणि ते सोलणारी वेगवेगळ्या क्षमतेची यंत्रे यांची सांगड कशी घातली, तर उत्पादन सर्वांत जास्त निघेल? कांतोरोविच तेव्हा 26 वर्षांचे होते आणि शुद्ध गणितात त्यांचे नाव झालेले होते. त्यांनी तो प्रश्न उडवून लावला नाही. त्यावर विचार करता करता अशाच घडणीचे अनेक प्रश्न त्यांच्या लक्षात आले आणि 1939 मध्ये त्यांची जी पुस्तिका निघाली, तिच्यातून आज आपण ज्याला रेषीय प्रोग्रामिंग (मर्यादित साधनांतून सर्वांत चांगले उत्तर काढण्याचे गणित) म्हणतो त्या विषयाचा पाया घातला गेला. 1975 चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना अर्थशास्त्रज्ञ कूपमन्स यांच्यासह मिळाले. पुण्यात वाढलेल्या नरेंद्र करमरकर यांनी 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना मांडलेली सुप्रसिद्ध रीत याच विषयातली आहे. आपले विद्यार्थी हा विषय शिकतात, त्याची उदाहरणे सोडवतात आणि उत्तीर्ण होतात. त्याचा उगम एका प्लायवूडच्या अडचणीत आहे, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

परदेशांत यासाठी व्यवस्था उभ्या राहिल्या, त्याला आता अर्धशतक उलटून गेले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात ॲलन टेलर आणि लेस्ली फॉक्स यांनी 1968 मध्ये उद्योगांसमवेत अभ्यासगट सुरू केला. त्याची रीत अतिशय साधी आहे. सोमवारी सकाळी कंपन्यांची माणसे येऊन आपापली अडचण सांगतात, जमलेले गणिती आणि संशोधक विद्यार्थी आपल्याला हवा तो प्रश्न निवडून गट करतात, आठवडाभर फळ्यापाशी वाद घालतात आणि शुक्रवारी जे काही हाती लागले असेल ते कंपनीसमोर मांडतात. नंतर लेखी अहवाल जातो. हीच रीत पुढे युरोपभर, ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात गेली. दक्षिण आफ्रिकेत 2004 पासून असा अभ्यासगट भरतो आणि तेथील साखर उद्योगानेही आपले प्रश्न त्याच्यापुढे ठेवले आहेत.

अशा कामातून गणिताला काय मिळते, याचे एक उदाहरण मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्यांना जवळचे वाटेल. रेल्वेच्या टपावरचा पेंटोग्राफ वरच्या तारेला सतत चिकटून राहावा लागतो. वेगात तो तारेपासून सुटला की ठिणग्या उडतात आणि वीजपुरवठ्यात खंड पडतो. ब्रिटिश रेल्वेला भेडसावणाऱ्या या अडचणीवर जॉन ऑकेंडन आणि टेलर यांनी 1971 मध्ये शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्यांच्या हाती एक चमत्कारिक समीकरण आले. त्यात एखाद्या क्षणी होणारा बदल त्या क्षणाच्या स्थितीवर आणि त्याबरोबर आधीच्या एका क्षणाच्या स्थितीवरही अवलंबून असतो, आणि तो आधीचा क्षण ठरावीक सेकंदांनी नव्हे, ठरावीक प्रमाणात मागे असतो: दहाव्या सेकंदाला आठव्याकडे पाहायचे, विसाव्याला सोळाव्याकडे. ‘पेंटोग्राफ समीकरण’ या नावानेच ते आज ओळखले जाते, त्याच्यावर स्वतंत्र संशोधन होते आणि पेशींच्या वाढीच्या व विभाजनाच्या अभ्यासातही ते उपयोगी पडले आहे.

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत वेगळी वाट काढली गेली. कॅलिफोर्नियातील हार्वे मड कॉलेजात 1973 पासून ‘मॅथेमॅटिक्स क्लिनिक’ चालते. तेथे चार-पाच विद्यार्थ्यांचा गट एका कंपनीचा प्रश्न संपूर्ण शैक्षणिक वर्षभर हाताळतो, गटाचा प्रमुख विद्यार्थीच असतो आणि कंपनी त्यासाठी कॉलेजला शुल्क देते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील शुद्ध व उपयोजित गणित संस्थेने 2001 पासून उन्हाळ्यात नऊ आठवड्यांचा असाच कार्यक्रम ठेवला आहे. चौघांचा गट, एक शैक्षणिक मार्गदर्शक आणि एक उद्योगाकडून आलेला मार्गदर्शक. शुल्काची पद्धत आपल्या एमआयडीसीतील लहान कारखान्यांना परवडणारी नाही आणि ती आणण्याचा आग्रह कोणी धरूही नये. ऑक्सफर्डची आठवड्याची रीत मात्र आपल्याला सहज जमेल. पाच दिवस आठ-आठ तास सगळे गट एकत्र बसले, तर 40 तास होतात. उरलेले 80 तास पुढच्या काही आठवड्यांत कारखान्यात जाणे, आकडे गोळा करणे, प्रतिमान दुरुस्त करणे आणि अहवाल लिहिणे यांत जातील. 120 तासांचा हिशेब येथेच जुळतो.

राज्यात या कामाची परंपरा नाही, असे नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, 1981 मध्ये पुण्यातच सुरू झालेले टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, मुंबईची आयआयटी, येथे औद्योगिक प्रक्रियांच्या गणिती प्रतिमानांवर पुष्कळ काम झालेले आहे. पण ते काम करणारे बहुतेक जण अभियंते होते आणि ज्या उद्योगांसाठी ते झाले, ते बहुधा मोठे होते. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयाचा गणित विभाग आणि त्याच्यापासून पाच-सात किलोमीटरवरची औद्योगिक वसाहत यांची एकमेकांशी ओळखच होत नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे. हॅकेथॉनने ही उणीव भरून निघते, असेही मला वाटत नाही. छत्तीस तास जागून केलेल्या कामाचे सादरीकरण छान होते, परंतु त्यानंतर कारखान्यात परत जाऊन ‘उत्तर चालले का’ हे विचारणारे कोणी उरत नाही.

आपल्या कोल्हापूर भागाचा विचार करायचा, तर साखर कारखान्याच्या यार्डाइतका चांगला प्रश्न शोधून सापडणार नाही. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहतो, तितके त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा कमी होतो. पहिला तोटा थेट शेतकऱ्याला आणि दुसरा कारखान्याला बसतो, शिवाय एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, उताऱ्याशी बांधलेली असल्याने तोही अखेर शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. दुसरीकडे, गव्हाणीत, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकतात तेथे, ऊस कमी पडला आणि गाळप थांबले, तर त्याचा भुर्दंड वेगळाच. म्हणून यार्डात थोडा ऊस कायम उभा असावा लागतो. प्रश्न आहे तो किती असावा, हा. कोणत्या गटात किती टोळ्या लावायच्या, किती अंतरावरून किती वाहने निघणार, ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांना कोणत्या क्रमाने सोडायचे, हे सगळे आज शेती खात्याचे लोक अंदाजाने ठरवतात आणि त्यांचा अंदाज पुष्कळदा चांगलाही असतो. पण रांगांचे गणित सांगते की, सरासरी आवक आणि सरासरी गाळप सारखेच असले, तरी आवक जितकी लहरी तितकी रांग लांबते. दिवसभराची तोड संध्याकाळी एकदम येऊन उभी राहिली, की काय होते ते रात्री दहाला यार्डात जाऊन कोणीही पाहावे. यार्डात शिरतानाचे टोकन, भरलेल्या वाहनाचे वजन आणि रिकाम्या वाहनाचे वजन या तीन वेळांच्या नोंदी मिळाल्या, तर चार विद्यार्थी महिनाभरात या रांगेचे कामचलाऊ प्रतिमान नक्की करतील. कोणाची प्रतीक्षा कमी करायची, बैलगाडीवाल्याची की वीस टन घेऊन उभ्या असलेल्या ट्रकची, हे विचारण्याचे धैर्य त्यांच्यात असले म्हणजे झाले.

अडचणी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. कारखानदाराचा पहिला प्रश्न ‘यात माझा फायदा काय’ हा असतो आणि त्याला खोटी आशा दाखवणे धोक्याचे आहे. 120 तासांत बहुतेक प्रश्न सुटणार नाहीत. हाती येईल ते एवढेच की, प्रश्न नेमका काय आहे हे कागदावर स्पष्ट लिहिलेले असेल, त्याचा एखादा सोपा भाग सुटलेला असेल आणि पुढे जाण्यासाठी कोणती नोंद ठेवली पाहिजे हे कळलेले असेल. या शेवटच्या गोष्टीची किंमत कमी लेखू नये. अनेक कारखान्यांत ब्रेकडाऊन रजिस्टर नेमाने भरले जाते, मशीन किती वाजता बंद पडले आणि किती वाजता सुरू झाले हे असते, आणि कारणाच्या रकान्यात पानेच्या पाने ‘किरकोळ बिघाड’ एवढेच लिहिलेले असते. अशा रजिस्टरवर कोणतेही प्रतिमान उभे राहत नाही. आणि ही गोष्ट बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याने दाखवून दिली, तर ती आतल्या माणसाने सांगण्यापेक्षा लवकर ऐकली जाते, असा अनुभव आहे.

गुप्ततेची भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय सोपा आहे. ग्राहकांची नावे काढून टाकावीत, किमती एखाद्या ठरावीक आकड्याने गुणून द्याव्यात, पूर्ण अहवाल कारखान्याकडे राहावा आणि विद्यापीठाकडे केवळ प्रश्नाची मांडणी व वापरलेली रीत जावी. विद्यार्थ्यांविषयी एक शंका मी स्वतः उपस्थित करतो: हल्ली कोणताही प्रश्न दिसला की, त्यावर मशीन लर्निंग चालवण्याची त्यांना घाई असते. वर सांगितलेल्या अँगलच्या प्रश्नाला ते लागत नाही. त्याला ड्रॉइंग वाचणे लागते.

सर्वांत अवघड भाग प्राध्यापकांचा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर स्वतःलाही ठाऊक नाही, तो विद्यार्थ्यांसमोर घेऊन उभे राहण्याची सवय आपल्या अध्यापनाला नाही आणि ज्यांनी कधी कारखान्याचे फाटक ओलांडलेले नाही, त्यांच्याकडून ती एकदम अपेक्षिणे अन्यायाचे होईल. त्यांच्या कार्यभारात या कामाचे तास धरले जात नसतील, तर उत्साही प्राध्यापकही दुसऱ्या वर्षी माघार घेईल. म्हणून विद्यापीठांच्या गणित अभ्यास मंडळांनी हे तास कार्यभारात धरण्याची शिफारस करावी आणि मूल्यमापनाची पद्धत बदलावी, अशी माझी विनंती आहे. हजेरीच्या प्रमाणपत्रावर गुण देणे बंद व्हावे. तोंडी परीक्षेला कारखान्याचा एक माणूस समोर बसलेला असावा. आणि ‘आमचे प्रतिमान चालले नाही, त्याची कारणे ही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या गटाला पूर्ण गुण मिळण्याची वाट मोकळी असावी. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत नियोजन, देखभाल किंवा स्टोअर्समधून निवृत्त झालेली माणसे असतात. कारखाना आणि महाविद्यालय यांच्यामध्ये दुभाष्याचे काम ती आनंदाने करतील.

दुसरे सत्र हिवाळ्यात सुरू होते, त्या सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऐन भरात असतो आणि मार्चअखेरीच्या घाईला इंजिनिअरिंग कारखान्यांत अजून वेळ असतो. तेव्हा महाविद्यालयांनी प्रश्न गोळा करण्याचे काम दिवाळीच्या सुट्टीपूर्वी संपवले पाहिजे. विभागप्रमुखांनी दोन प्राध्यापकांना बरोबर घेऊन जवळच्या वसाहतीतील चार-पाच कारखान्यांना एकेक भेट दिली, तर पहिल्या वर्षापुरते प्रश्न मिळून जातील.

आपला,
एक निवृत्त उत्पादन नियोजन अधिकारी,
कोल्हापूर